ओफेलिया आणि तिचा एक प्रेक्षक

११ सप्टेंबर १८२७ रोजी पॅरिसच्या ओदेऑन थिएटरात एका इंग्रज नाटक कंपनीनं ‘हॅम्लेट’चा प्रयोग लावला. पाचच वर्षांपूर्वी अशाच एका इंग्रज कंपनीला पॅरिसकरांनी हुल्लडबाजी करून पळवून लावलं होतं. नेपोलियनच्या पराभवाची जखम तेव्हा ओली होती. या वेळी मात्र थिएटर भरलेलं होतं आणि व्हिक्टर ह्यूगो, अलेक्झांद्र द्युमा, चित्रकार देलाक्र्वा अशी पुढे नावारूपाला आलेली तरुण मंडळी त्या प्रयोगांना गर्दी करत होती. चार्ल्स केम्बल हॅम्लेट करत होता. ओफेलियाच्या भूमिकेत हॅरिएट स्मिथसन नावाची सत्तावीस वर्षांची आयरिश नटी होती. आणि प्रेक्षकांत एक्तॉर बेर्लिओझ नावाचा तेवीस वर्षांचा संगीताचा विद्यार्थी बसला होता, ज्याला इंग्रजीचा एक शब्दही कळत नव्हता.

चार दिवसांनी त्यानं तिला ज्युलिएट म्हणून पाहिलं. त्यानंतर तो त्या थिएटरकडे फिरकलाच नाही. आणखी एक प्रयोग पाहिला तर आपण जगणार नाही, अशी त्याला भीती वाटू लागली. पुढची पाच वर्षं त्यानं ज्या बाईसाठी जीव टाकला, तिचं त्याच्याजवळचं भांडवल मुख्यतः या दोन संध्याकाळींचं होतं. तिच्याशी त्याचं बोलणं झालं नव्हतं. तिचा खरा आवाज, म्हणजे पाठ केलेल्या संवादांपलीकडचा आवाज, त्यानं ऐकलेला नव्हता.

नटनटींच्या मागे वेडे झालेल्यांच्या कहाण्या जगभर सापडतात. बेर्लिओझची कहाणी मी निवडली, कारण त्यानं ती स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे, तिच्यावर एक अजरामर संगीतरचना केली आहे आणि ज्या टोकाला असं वेड सहसा पोचत नाही तिथवर ही कहाणी गेली: त्या दोघांचं लग्न झालं. एकतर्फी ध्यासाची मागणी पुरी झाली तर पुढे काय होतं, हे पाहण्याची संधी फार थोड्या प्रकरणांत मिळते.

या तरुणाची तेव्हाची स्थिती आधी समजून घ्यायला हवी. ग्रनोब्लजवळच्या ला कोत-सेंत-आंद्रे या लहानशा गावातल्या डॉक्टरांचा तो मुलगा. वडिलांनी त्याला १८२१ मध्ये वैद्यकी शिकायला पॅरिसला पाठवलं. शवविच्छेदनाची खोली पहिल्यांदा पाहिल्यावर त्यानं खिडकीतून उडी मारून पळ काढला होता. नंतर तो परत गेला, पण मन रमलं नाही. वैद्यकी सोडून संगीत धरल्यावर घरच्यांशी बिनसलं आणि घरून येणारे पैसे कधी कमी, कधी बंद होऊ लागले. एके काळी पाव आणि मनुका घेऊन पोंनफ पुलावर चौथ्या हेन्रीच्या पुतळ्यापाशी बसून तो जेवण उरकत असे. पोटासाठी एका छोट्या थिएटरात कोरसमध्ये गायचं कामही त्यानं केलं. त्याला मित्र होते, गुरू होते. पण घर तुटलेलं, धंदा बसलेला नाही, आणि आपण थोर काही करणार याची खात्री एकट्या स्वतःलाच आहे, अशा अवस्थेत माणूस गर्दीतही एकटा असतो. त्यात पहिलं प्रेमही असंच दुरून केलेलं. बारा वर्षांचा असताना आजोळच्या गावी गुलाबी बूट घालणाऱ्या, अठरा वर्षांच्या एस्तेलवर त्याचा जीव जडला होता. दुरून प्रेम करण्याचा सराव त्याला लहानपणीच झालेला होता.

रंगमंचावर त्यानं पाहिलं काय? फ्रेंच शोकांतिकेत तेव्हा पल्लेदार, छंदोबद्ध भाषणं असत. नटानं ठरलेल्या ढबीत उभं राहून शब्दफेक करायची. हॅरिएटनं ओफेलियाचा वेडाचा प्रवेश मुख्यतः अंगानं, डोळ्यांनी, हातांनी केला. केसांत गवताच्या काड्या खोवलेल्या; अंगावरचा लांब काळा बुरखा जणू मेलेल्या बापाचं कफन आहे अशा समजुतीनं ती तो जमिनीवर पसरते आणि त्यावर फुलं ठेवते. प्रेक्षक रडले, बायका बाहेर निघून गेल्या. लवकरच पॅरिसच्या सुखवस्तू घरांतल्या तरुणी केसांत तशाच काड्या माळू लागल्या. लंडनमध्ये हीच बाई दुय्यम भूमिका करत होती आणि तिच्या आयरिश उच्चारांना नाकं मुरडली जात होती. पॅरिसच्या बहुतेकांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे उच्चारांचा प्रश्नच मिटला. उरला तो निखळ अभिनय.

बेर्लिओझच्या बाबतीत भाषा न कळण्याचा परिणाम अधिक खोल झाला, असं मला वाटतं. नाटकाची कथा त्याला फ्रेंच भाषांतरावरून ठाऊक होती. संवाद कळत नसल्यामुळे ती काय म्हणते आहे हे त्यानं स्वतःच भरून काढलं. शिवाय चार दिवसांत ती त्याच्यासाठी दोनदा मेली. ओफेलिया पडद्याआड बुडून मरते, ज्युलिएट रंगमंचावर खंजिरानं. जिला वाचवायला कुणी नाही अशी तरुणी संपते, आणि एकटा तरुण मनाशी म्हणतो, मी असतो तर. मोहाच्या सुरुवातीला सौंदर्याइतकीच करुणा असते, ही गोष्ट आपण विसरतो.

हे प्रेम नेमकं कुणावर जडतं? याचं उत्तर मराठी रंगभूमीनं फार लखलखीतपणे दिलेलं आहे. ‘मानापमान’ हे नाटक १९११ साली आलं आणि त्यातल्या भामिनीनं महाराष्ट्राला वेड लावलं. तिची साडी नेसण्याची ढब, तिचे दागिने, अंबाडा यांचं अनुकरण घराघरांतल्या स्त्रियांनी केलं. पुरुष रात्र रात्र जागून प्रयोग बघत. आणि भामिनी होते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. ही बाई मुळात पुरुष आहे हे थिएटरातल्या एकूण एक माणसाला माहीत होतं आणि त्यानं भुरळीत काडीचा फरक पडत नव्हता. भुरळ पडत होती ती रंगमंचावर उभ्या राहिलेल्या व्यक्तिरेखेची. मराठी प्रेक्षक पडदा पडल्यावर ही गाठ सोडवून घरी जात. बेर्लिओझला ती सोडवता आली नाही. ओफेलिया, ज्युलिएट आणि हॅरिएट या तिघी त्याच्या मनात एकजीव झाल्या.

पुढचे महिने त्यानं भटकण्यात घालवले. झोप उडाली, लेखन थांबलं. पॅरिसच्या बाहेर चालत सुटायचं आणि थकून पडेल तिथे झोपायचं: एकदा शेतातल्या पेंढ्यांवर, एकदा कुरणात, एकदा सेन नदीच्या काठी बर्फात. एका कॅफेत टेबलावर डोकं टेकून तो पाच तास असा निपचित पडला, की वेटरांना तो मेला असं वाटून जवळ जायचा धीर होईना.

मग त्यानं ठरवलं की तिच्या नजरेत भरेल असं काहीतरी करायचं. २६ मे १८२८ रोजी त्यानं पदरमोड करून केवळ स्वतःच्या रचनांची मैफल केली. एका अनोळखी विद्यार्थ्यानं असं करणं हे धाडसच होतं. ती मैफल झाल्याचं हॅरिएटच्या कानावरही गेलं नाही. त्यानं पत्रांवर पत्रं लिहिली. तिनं मोलकरणीला बजावलं, या माणसाची पत्रं यापुढे घ्यायची नाहीत. त्यानं तिच्या बिऱ्हाडाजवळच खोली घेतली. १८२९ च्या फेब्रुवारीत एका मदतीच्या प्रयोगात योगायोगानं त्याची एक रचना आणि तिचा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधला प्रवेश एकाच कार्यक्रमात आले. तिची तालीम चालू असताना तो आत शिरला, रोमिओच्या हातांवर तिला पाहून किंचाळला आणि हात पिळत पळत सुटला. तिनं ते पाहिलं. या गृहस्थाच्या डोळ्यांत काही बरं दिसत नाही, त्याच्यावर लक्ष ठेवा, असं तिनं सोबतच्या नटांना सांगितलं. थोड्याच दिवसांनी, दुपारी अंथरुणातून उठून तो सहज खिडकीशी गेला, तर ती समोरच्या दारात घोडागाडीत बसत होती. कंपनी अॅम्स्टरडॅमला निघाली होती.

ही हकिगत बहुतेक चरित्रांत कलावंताच्या उत्कट प्रेमाची म्हणून येते. ती हॅरिएटच्या बाजूनं वाचून पाहा. परक्या देशात आई आणि बहिणीला सांभाळणारी, कमावती, अविवाहित स्त्री. नटी म्हणजे सहज उपलब्ध बाई, असं समजणाऱ्या समाजात अब्रू राखून राहणारी. अनोळखी माणूस सारखी पत्रं धाडतो, शेजारी राहायला येतो, तालमीत येऊन किंचाळतो. तिनं जे केलं ते सगळं शहाणपणाचं होतं: पत्रं नाकारली, उत्तर दिलं नाही, सहकाऱ्यांना सावध केलं. आज भारतात बाईनं स्पष्ट नकार दिल्यावरही तिच्याशी पुनःपुन्हा संपर्क साधू पाहणं हा गुन्हा आहे. २०१३ साली दंडविधानात त्यासाठी ३५४-ड हे कलम आलं आणि आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ म्हणून आहे. अमेरिकेत असा पहिला कायदा कॅलिफोर्नियानं १९९० मध्ये केला. तो होण्यामागे रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीचा मृत्यू हे एक मोठं कारण होतं. तिच्या ध्यासानं पछाडलेल्या एका चाहत्यानं १९८९ मध्ये तिच्या घराच्या दारात तिला गोळी घातली होती.

बेर्लिओझ मनोरुग्ण होता का? फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ गाएतां द क्लेरांबो यानं १९२१ मध्ये ज्या विकाराचं वर्णन केलं, त्यात रुग्णाची पक्की समजूत असते की प्रेम समोरच्या बड्या व्यक्तीनंच आधी केलं आहे. त्याची एक फ्रेंच रुग्ण बकिंगहॅम राजवाड्यासमोर तासन्‌तास उभी राही. पडदा हलला की इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजानं आपल्याला खूण केली, असं ती मानायची. बेर्लिओझला असा भ्रम नव्हता. ती आपल्याला ओळखत नाही हे त्याला पुरतं कळत होतं आणि तेच त्याला जाळत होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह हिनं १९७९ च्या आपल्या पुस्तकात प्रेमात झपाटून गेलेल्या अनेक माणसांच्या हकिगतींवरून जे मांडलं, ते त्याला जास्त लागू पडतं: मनात सतत त्याच व्यक्तीचे विचार, तिच्या बारीकशा कृतीतून अर्थ काढणं, आणि या आगीला इंधन पुरवणारी अनिश्चितता. साफ आशा संपली तर ध्यास विझू शकतो, संबंध जुळला तर शांत होऊ शकतो. मधल्या धूसर जागेत तो वर्षानुवर्षं टिकतो. आणि नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये ही धूसर जागा कायमचीच असते. नट सगळ्यांसाठी बोलतो आणि प्रत्येकाला वाटतं, माझ्याशी बोलला.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्ये अशा एकतर्फी जवळिकीवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी रेडिओवरच्या एका कार्यक्रमाचं उदाहरण घेतलं होतं. मधाळ आवाजाची, स्वतःचं नाव न सांगणारी एक ‘एकाकी मुलगी’ रात्री पुरुष श्रोत्यांशी लाडीगोडीनं बोलत असे, तेही जणू समोर एकटा तोच बसला आहे अशा सुरात. एकाकी माणसालाच असले नाद लागतात, असा त्यानंतर बऱ्याच जणांचा समज झाला. पण १९८५ मध्ये टीव्हीवरच्या वृत्तनिवेदकांशी प्रेक्षकांचं जुळणारं नातं संशोधकांनी तपासलं, तेव्हा एकाकीपणाशी त्याचा ठळक संबंध सापडला नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. पडद्यावरच्या, रंगमंचावरच्या माणसाशी जवळीक वाटणं ही सर्वसामान्य, बहुतेक वेळा निरुपद्रवी गोष्ट आहे, आणि ती भरल्या घरातल्या माणसांनाही वाटते. एकाकीपणानं बेर्लिओझचं प्रेम निर्माण केलं असं म्हणता येणार नाही. त्याला भानावर आणणारं रोजचं जगणं मात्र त्याच्या भोवती नव्हतं.

१८३० च्या सुरुवातीला हॅरिएटबद्दल एक खोटी कुजबुज त्याच्या कानावर आली. तिचे कुणाशी तरी संबंध आहेत, अशी. त्यानं ती तपासली नाही. त्याच सुमारास त्यानं ‘सिंफनी फांतास्तिक’ लिहून काढली आणि ५ डिसेंबरला पॅरिसमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. श्रोत्यांना छापील कथानक वाटलं होतं. पाच भागांची ही कथा एका प्रेमभग्न तरुण संगीतकाराची; शेवटच्या दोन भागांत तो अफू घेऊन स्वप्नं पाहतो. प्रेयसी त्याला एका सुरावटीच्या रूपात पुनःपुन्हा दिसते: नाचाच्या मेजवानीत, माळरानावर, आणि मग वधस्तंभावर. कारण स्वप्नात त्यानं तिचा खून केलेला असतो. सुरी पडण्याआधी क्लॅरिनेटवर ती सुरावट क्षणभर येते आणि तुटते. शेवटच्या भागात चेटकिणींच्या जत्रेत तीच सुरावट वेडीवाकडी, उथळ, खिदळणारी होऊन परतते. ओळखही नसलेल्या स्त्रीची त्यानं आधी देवी केली, मग तिला मारलं, मग तिची चेटकीण केली. संगीत म्हणून ही रचना अद्भुत आहे, आणि मनोव्यापाराचा दस्तऐवज म्हणून भीतिदायक. मोहाचं द्वेषात रूपांतर कसं होतं, हे त्याच एका सुरावटीच्या बदलत्या रूपांतून त्यानं ऐकवलं.

हे सगळं कागदावरच राहिलं असंही नाही. त्याच वर्षी तो कामी मोक या अठरा वर्षांच्या पियानोवादिकेच्या प्रेमात पडला. साखरपुडा झाला आणि शिष्यवृत्तीवर तो इटलीला गेला. १८३१ मध्ये तिच्या आईनं पत्रानं कळवलं की मुलीचं लग्न पियानो बनवणाऱ्या प्लेयेलशी ठरलं. बेर्लिओझनं पिस्तुलं घेतली, अफूचा अर्क आणि स्ट्रिक्निन घेतलं, मोलकरणीचा वेश विकत घेतला आणि फ्लॉरेन्सहून पॅरिसला निघाला. त्या वेशात घरात शिरायचं, मायलेकींना आणि प्लेयेलला मारायचं आणि स्वतः मरायचं. वाटेत वेशाचं गाठोडं हरवलं, नीसला पोचेतो राग निवला, आणि समुद्रकिनारी काही आठवडे राहून तो बरा झाला. हा प्रसंग गमतीदार किस्सा म्हणून सांगण्याची पद्धत आहे. त्यात मला गंमत दिसत नाही.

१८३२ च्या नोव्हेंबरात पॅरिसला परतून त्यानं जी खोली घेतली, त्याच जागेत आदल्या दिवसापर्यंत हॅरिएट राहत होती. तिचे दिवस आता फिरले होते. पॅरिसची इंग्रज नाटकांची हौस ओसरली होती आणि स्वतःची कंपनी चालवून ती कर्जात बुडत होती. ९ डिसेंबरला ‘फांतास्तिक’ आणि तिचा पुढचा भाग ‘लेलिओ’ यांची मैफल होती. एका परिचितानं हॅरिएटला तिथे नेलं. हातातलं छापील कथानक वाचताना, लोक आपल्याकडे का वळून बघताहेत, हे तिला हळूहळू उमगलं असणार. नंतर दोघांची ओळख करून देण्यात आली.

१८३३ च्या मार्चमध्ये गाडीतून उतरताना तिचा पाय मोडला. उत्पन्न बंद. दोन्ही घरांचा लग्नाला विरोध. ती मागे-पुढे करू लागली, तेव्हा त्यानं तिच्यासमोर अफू गिळली. तिनं आकांत केला, होकार दिला, मग त्यानं उलटीचं औषध घेतलं. ३ ऑक्टोबर १८३३ रोजी पॅरिसच्या ब्रिटिश वकिलातीत लग्न झालं. साक्षीदारांत संगीतकार फ्रान्झ लिस्ट होता. तिच्या पदरी कर्ज होतं, त्याच्या खिशात मित्राकडून उसने घेतलेले ३०० फ्रँक. तिला धड फ्रेंच येत नव्हतं, त्याला धड इंग्रजी. एका इंग्रज समीक्षकानं पुढे लिहिलं की ज्युलिएट पाहून बाहेर पडतानाच, या बाईशी लग्न करीन आणि या नाटकावर माझी सगळ्यात मोठी सिंफनी लिहीन, असं बेर्लिओझ म्हणाला होता. बेर्लिओझनं खुलासा केला: मी दोन्ही केलं, पण तसं म्हणालो नव्हतो.

पहिली काही वर्षं बरी गेली. मोंमार्त्रला घर केलं, १८३४ च्या ऑगस्टमध्ये लुई हा मुलगा झाला. पण फ्रेंच रंगभूमीवर हॅरिएटला जागा नव्हती आणि इंग्रज रंगभूमी तिला विसरली होती. नवरा रात्ररात्र संगीतसभांतून, ती घरात. तिला दारू लागली, संशयानं घेरलं. पुढे संशय खरा ठरला. १८४० नंतर मारी रेसिओ या गायिकेशी त्याचे संबंध जुळले आणि १८४४ पर्यंत संसार मोडला. तिचा खर्च मात्र तो शेवटपर्यंत देत राहिला. १८४८ पासून पक्षाघाताच्या झटक्यांनी तिची हालचाल गेली आणि वाचाही. ३ मार्च १८५४ ला ती वारली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यानं मारीशी लग्न केलं. १८६४ मध्ये मोंमार्त्रचं छोटं कब्रस्तान हलवलं गेलं, तेव्हा कबर खणणाऱ्यानं जुन्या शवपेटीतून हॅरिएटची कवटी उचलली. बेर्लिओझ तिथे हजर होता आणि ते त्यानं लिहून ठेवलं आहे. ‘हॅम्लेट’मधला कबरीचा प्रवेश त्याला पाठ होता.

ती गेल्यावर लिस्टनं त्याचं सांत्वन केलं. तिनं तुला प्रेरणा दिली, तू तिच्यावर प्रेम केलंस, तिला संगीतात गायलंस, तिचं काम पुरं झालं, अशा आशयाचं. लिस्ट भला माणूस होता, पण त्याचं हे म्हणणं मला कधीच मान्य झालेलं नाही. हॅरिएटचं काम तिनं बेर्लिओझला भेटण्याच्या आधीच केलेलं होतं. एनिस या आयर्लंडमधल्या गावी, नाटक कंपनी चालवणाऱ्याच्या घरी जन्मून, पौगंडवयात डब्लिनच्या रंगमंचावर उभी राहून आणि १८१८ पासून लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये दुय्यम भूमिका करत तिनं ते कमावलं होतं. शोकांतिकेतलं दुःख भाषणाविना नुसत्या देहानं दाखवता येतं, हे तिनं पॅरिसला दाखवलं. द्युमानं लिहून ठेवलं आहे की हाडामांसाच्या माणसांच्या खऱ्या भावना रंगमंचावर त्यानं पहिल्यांदा पाहिल्या त्या या इंग्रज नटांत. दवेरिया आणि बुलांजे या चित्रकारांनी त्या प्रयोगांची शिळाछापाची चित्रं केली. ओदेऑनमधल्या त्या संध्याकाळीनंतर अडीच वर्षांच्या आत ह्यूगोच्या ‘एर्नानी’नं फ्रेंच रंगभूमीचे जुने नियम मोडले, आणि ते मोडणाऱ्यांपैकी कितीतरी जण केसांत काड्या खोवलेल्या त्या ओफेलियाचे प्रेक्षक होते. त्यांनी तिला पत्रं लिहिली नाहीत, तिच्या घराजवळ खोल्या घेतल्या नाहीत. तिचा अभिनय पाहिला, आणि घरी जाऊन स्वतःची नाटकं लिहायला घेतली.